उतरलेलं पॅकिंग

३ मार्च

प्रिय ताई,

तुझा लिफाफा काल मिळाला. कागद दुमडू नयेत म्हणून आत पुठ्ठा घातलास, ते फार बरं केलंस. फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं म्हणून पत्रानेच बोलायचं ठरवलं, तेही बरंच झालं. कागद समोर असला की मला नीट विचार करता येतो आणि तुला मध्येच "पुढे बोल" म्हणता येत नाही.

इथे येऊन दहा दिवस झाले. खोली लहान आहे, खिडकी भिंतीसमोर उघडते. कंपनीच्या चाचणी विभागात दिवसभर इंजिनं लोखंडी चौकटीवर बांधून पळवतात आणि मी त्यांची रीडिंग उतरवून घेतो. बाकी सगळे शिकलेले आहेत. दहावीनंतर शाळा सोडलेला मी एकटाच. ते कुणी मला विचारलेलं नाही, पण कुणी विचारेल म्हणून मी रोज अर्धा तास आधी जाऊन बसतो.

आता आपल्या गाडीबद्दल, ठेंगणीबद्दल. तू पाठवलेले तिच्या आकड्यांचे तिन्ही कागद मी पट्टी धरून ओळीने वाचले. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवूनही त्याचा दाब आपण ठरवला तेवढाच येतोय. पाण्याचं तापमान ठीक. पूर्ण जोर दिल्यावर हवा आणि पेट्रोलचं प्रमाणही ठीक. पण गाडी जागेवर उभी असताना किंवा तू सावकाश चालवत असताना एक्झॉस्टमधला सेन्सर सतरा दाखवतो. तिथे चौदा पूर्णांक सात हवेत. सतरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. शेजारच्या रकान्यात 'अधिक पंचवीस' आहे ते पाहिलंस का? गाडीचा कॉम्प्युटर आपणहून पंचवीस टक्के पेट्रोल वाढवतोय. त्याहून जास्त वाढवायची त्याला मुभा नाही. तरीही आकडा सतराच.

म्हणजे इंजिनात कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. आत हवा नेणारा प्रत्येक पाइप, तो आवळणारी प्रत्येक पट्टी तपास. इंजिन चालू ठेवून जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मार. आवाज बदलला की तिथे फट आहे असं समज. एकेक जोड झाला की खूण कर, नाहीतर तू दोनदा एकच तपासशील.

घाटातली शर्यत अठ्ठावीसला आहे. पंचवीस दिवस आहेत. मी मोजले.

तुझा भाऊ

७ मार्च

प्रिय मोजमापे,

पंचवीस दिवस मलाही मोजता येतात. मी लोकांना गाडी शिकवते, बोटं आहेत मला.

तू सांगितलंस तसं केलं. कालची सकाळ इंजिनावर फवारे मारण्यात गेली. शिकवणीला आलेल्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "मॅडम, झाडांना घालतात तसं यालाही रोज लागतं का?" सगळ्या जोडांवर खडूने खुणा केल्या. कुठेही आवाज बदलला नाही. एक पट्टी थोडी सैल होती, आवळली. काही फरक नाही. नवे कागद सोबत आहेत, सतराचे सतरा.

बाकी गाडी छान आहे. पूर्ण जोर दिला की पाठ सीटला चिकटते. सकाळी थंड असताना चालू केली की टर्बोच्या बाजूने टक् टक् टक् असा आवाज येतो, पाच मिनिटांनी गरम झाली की गप्प होते. अगदी तुझ्यासारखी. चहा पोटात जाईपर्यंत कुरकुर.

बाबा ठीक आहेत. तुझ्याबद्दल विचारत नाहीत, पण पोस्टमन आला की लेथ बंद करतात.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर, जिथे डाव्या हाताला नुसती दरी आहे, तिथे मी पाय उचलला. सगळ्यांना सांगितलं की इंजिन दमलं होतं. खरंच दमलं होतं की मी घाबरले, हे मला अजून माहीत नाही. वर्षभर तेच डोक्यात आहे. यंदा गाडीवर शंका नको आहे मला. गाडीवर शंका नसली की मग कळेल, घाबरते कोण ते.

तेव्हा नीट वाच.

ताई

१० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि कागद त्याहून जास्त. जेवणाच्या सुट्टीतही ते माझ्या खिशात असतात. समोरचा माणूस बोलत असतो आणि माझ्या डोक्यात सतरा चालू असतं.

वळणाचं तू मला सांगायला हवं होतंस. पण ते असो.

फट सापडत नसेल तर दुसरी शक्यता ही की, नव्या टर्बोला लागतं तेवढं पेट्रोल आपण खालच्या वेगांना दिलेलंच नाही. कॉम्प्युटरमध्ये मी भरलेला पेट्रोलचा तक्ता कमी पडला असेल. म्हणून पुढीलप्रमाणे कर. लॅपटॉप जोड. पेट्रोलच्या तक्त्यात डावीकडचे पहिले पाच उभे रकाने घे. त्यांतला प्रत्येक आकडा पंचवीस टक्क्यांनी वाढव. उजवीकडच्या रकान्यांना हात लावू नकोस, तिथे सगळं बरोबर आहे. साठव. एक दिवस चालव. तरीही सतरा आले तर आणखी पंचवीस टक्के वाढव. जुना तक्ता पुसला गेला तरी चिंता नको, माझ्या वहीत तो सगळा उतरवलेला आहे.

प्रत्येक वेळी कागद काढ आणि वर तारीख, वेळ आणि बाहेरचं तापमान लिही. मागच्या वेळी तापमान लिहायचं राहिलं होतं.

आकडे खोटं बोलत नाहीत, ताई. आपण पुरेसे वाचत नाही एवढंच.

तुझा भाऊ

१४ मार्च

प्रिय मोजमापे,

पंचवीस टक्के वाढवले. मग आणखी पंचवीस. तापमान एकवीस. आता खूष?

सेन्सर अजून सोळाच्या खाली यायला तयार नाही. तुझ्या कागदावर गाडी उपाशी आहे. पण मागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. स्पार्क प्लग काढून पाहिले तर ते तव्याच्या बुडासारखे काळे. उपाशी गाडीचे प्लग पांढरट असतात, हे तूच मला शिकवलंस ना?

काल बाबा लेथ सोडून आले. ऑइलची काडी बाहेर काढली, वास घेतला, दोन बोटांत तेल चोळलं आणि ती बोटं माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास येत होता. इतकं पेट्रोल जातंय की ते सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरतंय. तेल पातळ झालंय. बाबा म्हणाले, असं तेल घेऊन ही घाटात पूर्ण जोराने गेली तर बेअरिंग धरेल, आणि इंजिन जागच्या जागी आवळलं की चाकंही आवळतात. कुठल्या वळणावर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग त्यांनी मला सकाळची टकटक ऐकवायला सांगितली. ऐकून म्हणाले, "त्याला विचार, टर्बोच्या जोडात पॅकिंग कुठलं घातलंय."

मी म्हटलं, फट बुजवायची ती पत्र्याची चकती ना, नवीच घातलीय, खोकं मीच उघडलं होतं.

म्हणाले, "तू विचार."

म्हणून विचारते आहे.

ताई

१७ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आज मिळालं. घाईत उत्तर देतो आहे, अक्षराबद्दल माफ कर.

पेट्रोल आणखी वाढवू नकोस. तेल आणि तेलाचा फिल्टर ताबडतोब बदल.

टर्बोच्या जोडात नवंच पॅकिंग बसवलं आहे. तो जोड मी स्वतः आवळला आहे, ठरलेल्या क्रमाने, दोनदा. त्यामुळे तो उघडण्याची गरज नाही. उघडला तर नट ज्यांवर बसतात ते स्टड तुटण्याची भीती आहे आणि शर्यत तोंडावर आली आहे.

सेन्सरच खराब असेल असं मला वाटतं. शक्य असेल तर तो बदलून पाहा.

बाबांना सांग की मी विचार करतो आहे.

तुझा भाऊ

२० मार्च

कागद सोबत आहे. तेल बदललं. पेट्रोलच्या तक्त्यात एकही आकडा बदललेला नाही. सेन्सर तोच आहे.

वाचून सांग.

ताई

२३ मार्च

प्रिय ताई,

या वेळी तू मला 'मोजमापे' म्हटलं नाहीस. कागदाच्या आधी मी तेवढंच वाचलं.

मग कागद पाहिला. सेन्सर सोळावरून एकदम बारावर आला आहे. कॉम्प्युटरचा रकाना 'अधिक पंचवीस'वरून 'उणे पंचवीस'वर. म्हणजे जो इतके दिवस पेट्रोल वाढवत होता तोच आता जीव तोडून कमी करतोय, आणि तरीही पेट्रोल जास्तच होतंय. तक्ता बदललेला नाही, सेन्सर बदललेला नाही. तेल बदलल्याने असं होत नाही. मी खोलीत उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. याला एकच कारण असू शकतं. तुम्ही टर्बोचा जोड उघडलात आणि त्यात दुसरं पॅकिंग घातलंत.

आणि जोड उघडला असेल तर तुम्ही पांढरा ठिपका पाहिला आहे.

म्हणून आता सगळं लिहितो. मी निघालो त्या दिवशी नवीन पॅकिंगचं खोकं तू उघडलंस हे खरं आहे. बसवायला गेलो तेव्हा त्याचं एक भोक तीन मिलिमीटर सरकलेलं निघालं. वेगळ्या टर्बोचं होतं. बदलून यायला आठवडा लागला असता आणि माझी इकडे यायची गाडी चारची होती. तू डबे भरत होतीस, बाबा बाहेर गेले होते. जुनं पॅकिंग समोर पडलं होतं. बाबांच्या नियमाप्रमाणे उतरवल्या उतरवल्या मीच त्यावर रंगाचा पांढरा ठिपका दिला होता, उतरलेला माल परत चढू नये म्हणून. मी ते पुसलं, उलटसुलट पाहिलं, सपाट वाटलं. आणि बसवलं. ठिपका मात्र तसाच ठेवला, कारण पुसला असता तर ती लबाडी झाली असती असं मला तेव्हा वाटलं. बघ, काय वाटू शकतं माणसाला.

मला ठेंगणी चालू झालेली ऐकून जायचं होतं. तू पहिल्यांदा चावी फिरवलीस तेव्हा माझ्याकडे पाहिलंस, ते पाहायचं होतं. एवढंच कारण आहे. दुसरं सापडत नाही, शोधून पाहिलं.

इथे पोचल्यावर सांगीन असं ठरवलं होतं. मग तुझे पहिले कागद आले आणि त्यांत ते होतं. टर्बोच्या जोडातल्या फटीतून एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सर ती हवा मोजतो आणि पेट्रोल कमी आहे म्हणून ओरडतो. बिचारा खरं तेच सांगत होता. पूर्ण जोर दिला की आतला दाब वाढतो, हवा आत येण्याऐवजी धूर बाहेर पडतो, म्हणून तिथले आकडे बरोबर. परक्याच्या गाडीचे कागद असते तर मी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं. आमच्या विभागातल्या इंजिनिअरने ते एकदा माझ्या टेबलावर पाहिले आणि जाता जाता म्हणाला, "टर्बोच्या जोडात गळतंय हे." मी त्याला म्हटलं, शक्य नाही, तो जोड मी स्वतः आवळला आहे. हेच वाक्य तुला लिहिलं. नवंच बसवलं आहे, हेही लिहिलं. ते खोटं होतं. आजवर तुझ्याशी बोललेलं नाही असं खोटं. नवीन पॅकिंग माझ्या बॅगेत तळाला आहे. इथे आल्यापासून मी त्या बाजूला हात घातलेला नाही.

सगळे पाइप, पट्ट्या, रकाने तुला तपासायला लावले, आणि एका जोडाचं नाव काढलं नाही. त्यापायी तुझ्या तेलात पेट्रोल उतरलं आणि तू त्याच तेलावर रोज गाडी चालवलीस. टकटक तू सातव्या तारखेलाच लिहिली होतीस. ती कागदावरच्या रकान्यांत नव्हती म्हणून मी तिच्यावरून पुढे गेलो, असं मी स्वतःला सांगितलं.

काल फोन केला तेव्हा हेच सांगायचं होतं. तू "हॅलो" म्हणालीस आणि माझ्या तोंडून एवढंच आलं की पत्र येईपर्यंत ठेंगणी बाहेर काढू नकोस. तू लगेच "बरं" म्हणालीस. इतक्या लवकर तू कधी "बरं" म्हणत नाहीस. फोनवर सांगितलं असतं तर तू रागावली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटलो असतो. लिहिलेलं तुला परत काढून वाचता येईल.

पाठीमागच्या पानांवर पेट्रोलचा मूळ तक्ता आहे, वाढवण्याआधीचा. एकशे शहाण्णव आकडे. वहीशी तीनदा ताडून पाहिले. चौथ्या ओळीत खाडाखोड झाली म्हणून ते पान नव्याने लिहिलं. हे भरलेस की सेन्सर चौदा पूर्णांक सातवर येईल आणि शेजारचा रकाना शून्याच्या आसपास राहील. तसं झालं नाही तर शर्यतीत उतरू नकोस. तसं झालं तरीही तुला उतरायचं नसेल, तर ते मला समजेल.

बाबांना काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा भाऊ

३० मार्च

प्रिय मोजमापे,

बाबांना काहीच सांगावं लागलं नाही. अठराला जोड त्यांनीच उघडला. आधी थंड इंजिन चालू करायला लावलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं जोडाभोवती फिरवलं. मग नळी माझ्या हातात दिली. फुस् फुस् असा आवाज येत होता, दात पडलेल्या म्हाताऱ्याने फुंकर घातल्यासारखा. स्टड एकही तुटला नाही. पॅकिंग बाहेर आलं तेव्हा एक कड जळून काळी झाली होती आणि दुसऱ्या कडेला तुझा ठिपका. किती गोल काढतोस रे.

बाबांनी दोन दिवसांत ओळखीच्या माणसाकडून बरोबर मापाचं मिळवून बसवलं. विसाला दुपारी तुझं पत्र आलं. "नवंच बसवलं आहे." ते वाक्य वाचताना जुनं पॅकिंग माझ्या मांडीवर होतं. मी ते पत्र बाबांना दाखवलं नाही. ते पोस्टमनला पाहून आलेच होते, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत गेले.

मी इतकी चिडले होते की फोन करून तुला सोलून काढणार होते. मग कागद काढला आणि तसाच पाठवून दिला. ठरवलं होतं, याने "छान, सेन्सर सुधारला" असं काही लिहिलं तर ठेंगणीवर कापड घालायचं आणि तुझ्या हातची गाडी यापुढे चालवायची नाही. तुझ्यावर प्रेम करायला मला इंजिन लागत नाही, पण त्या वळणावर मला लागतं.

सव्वीसला तुझं पत्र आलं. एकदा वाचलं. मग तक्त्याची पानं पुढे घेतली आणि एकशे शहाण्णव आकडे भरले. बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले, तुझ्या पानावर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचत होते. मध्ये एकदा थांबले, म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." चालू केली. चौदा पूर्णांक सात. शेजारी उणे एक.

संध्याकाळी त्यांनी ते जुनं पॅकिंग लेथमागच्या खिळ्याला अडकवलं. त्या खिळ्यावर एक आधीपासून होतं, गंजून तांबडं झालेलं. मी लहानपणापासून ते तिथे पाहतेय, मला वाटायचं मापाला ठेवलं असेल. विचारलं, हे कुणाचं? म्हणाले, "माझं." आणि दिवा बंद केला. नियम कुठून आला, ते आता तुला आणि मला माहीत झालं.

राग गेलेला नाही. तू आलास की समोरासमोर होईल, तयारीने ये. येताना ते तीन मिलिमीटरवालं पॅकिंग घेऊन ये, परत करायचं आहे. आणि पुढच्या वेळी मी टकटक लिहिली तर ती वाच. मीही एक सेन्सरच आहे, मला रकाना नाही एवढंच.

अठ्ठावीसचे, शर्यतीचे कागद सोबत आहेत. वेळ लागली ती मी सांगणार नाही, ओळी मोजून तूच काढ. तुझी करमणूक होईल. कितवी आले तेही नंतर. फक्त शेवटून दुसरं पान नीट बघ. तिथे एक रकाना पायाचा आहे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्याचा. पट्टी धर आणि डाव्या हाताला दरी असलेल्या त्या वळणापर्यंत खाली ये. गेल्या वर्षी तिथे शून्य होतं.

खाली येत राहा. शंभर, शंभर, शंभर.

ताई